वैद्याची परसबाग आणि पाखरे

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्याच अध्यायात अन्नपानरक्षेचा विचार आला आहे. राजाच्या अन्नात विषप्रयोग झाला असल्यास तो कसा ओळखावा, हे सांगताना आचार्यांनी पक्ष्यांची साक्ष काढली आहे. विषयुक्त अन्नाच्या सान्निध्यात चकोराच्या डोळ्यांचा रंग पालटतो, कोकिळाचा स्वर बिघडतो, शुक व सारिका आक्रोश करू लागतात, असे वर्णन तेथे आहे. म्हणून असे पक्षी राजगृहात नित्य बाळगावेत, त्यांच्यामुळे घराला शोभा येते आणि धन्याचे रक्षणही होते, असा त्या उपदेशाचा आशय आहे. प्रत्येक लक्षण आजच्या कसोटीवर उतरते की नाही, हा वेगळा विषय आहे. परंतु मनुष्याच्या आधी पाखराला विष कळते, हे त्यामागील निरीक्षण आजही तितकेच मोलाचे आहे. पक्षी पिंजऱ्यात कोंडून ठेवण्याचा काळ मागे पडला आणि कायद्यानेही तो आता गुन्हा आहे. मात्र घराभोवती पाखरे मोकळेपणी येतील, राहतील आणि तेथील हवा-पाणी-अन्न निर्विष असल्याची ग्वाही देतील, अशी बाग प्रत्येक वैद्याला करता येते. तिच्याविषयी, विशेषतः आमच्या फैजपूर परिसराच्या संदर्भात, येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

आमचा प्रदेश

यावल तालुक्यातील फैजपूर हे गाव बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गावर, यावल आणि सावदा यांच्या दरम्यान वसले आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मधल्या काळ्या कसदार पट्ट्यात केळीच्या बागा, असे या भागाचे चित्र आहे. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे पन्नासावे अधिवेशन येथे भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन होय. महात्मा गांधींच्या इच्छेनुसार चित्रकार नंदलाल बोस यांनी अधिवेशननगरीची रचना व सजावट बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून केली होती. जे जवळ मिळते, त्यातूनच उत्तम उभे करावे, हा त्यातील धडा बागेलाही लागू पडतो. दूरच्या रोपवाटिकेतून आणलेली परदेशी शोभेची झाडे लावून परस हिरवा दिसतो खरा, पण तेथे पाखरांना ना फळ मिळते, ना कीटक, ना घरट्याजोगी फांदी. कारण इथल्या पाखरांची चोच, भूक आणि ऋतूंचे वेळापत्रक इथल्याच वृक्षांबरोबर हजारो वर्षांत जुळलेले आहे.

फैजपूरच्या उत्तरेस सातपुड्यात यावल अभयारण्य आहे. १९६९ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर आहे. दक्षिणेस तापीवरील हतनूर धरणाच्या जलाशयावर हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी उतरतात. म्हणजे आमची परसदारे डोंगरातील वन आणि नदीवरील पाणी या दोन आश्रयस्थानांच्या मध्ये आहेत. मधला प्रदेश जर सलग एकाच पिकाखाली गेला, बांधावरचे निंब-बाभळी तुटल्या, विहिरीकाठची शिंदी गेली, तर पाखरांच्या येण्याजाण्याची वाट तुटते. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांसही अभिमान आहे. केळफुलातील मधासाठी शिंजीर बागेत येतोही. परंतु केवळ केळीवर पाखरांची बारा महिन्यांची गुजराण होत नाही. ती उणीव गावातील लहानलहान परसबागांनी भरून काढायची आहे.

याच खानदेशाने पक्षिशास्त्राला एक मोठा आनंद दिला. रानपिंगळा या छोट्या घुबडाचे वर्णन १८७३ साली ह्यूम यांनी केले. १८८४ नंतर त्याची खात्रीलायक नोंद झाली नाही आणि तो नामशेष झाला असे मानले जाऊ लागले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या वनात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो पुन्हा दिसला. एकशे तेरा वर्षे जे पाखरू सापडत नव्हते, ते आमच्याच सातपुड्याच्या पायथ्याशी जगत होते. आपल्या भोवतीचे नीट पाहणे किती आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात यावे.

संहितेतील वर्गीकरण, बागेतील उपयोग

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानविधी अध्यायात, प्राण्यांचे वर्ग सांगताना पक्ष्यांची विभागणी त्यांच्या खाण्याच्या रीतीवरून केली आहे. जमिनीवर पायांनी उकरून, विखरून खाणारे ते विष्किर. त्यांत लाव, वर्तिका, तित्तिर, मयूर, कुक्कुट येतात. चोचीने टोचून खाणारे ते प्रतुद. त्यांत शुक, सारिका, कपोत, चटक इत्यादी आहेत. झडप घालून, बळाने हिसकावून खाणारे ते प्रसह. या वर्गात पशूंबरोबर श्येन, चाष, उलूक, गृध्र, वायस हेही गणले आहेत. मूळ प्रकरण मांसगुणांचे असले, तरी वन्य पक्ष्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, त्यामुळे त्या अंगाने येथे विचार करण्याचे कारण नाही. आम्हांस येथे महत्त्वाची वाटते ती आचार्यांची दृष्टी. पक्षी काय खातो आणि कसे खातो, यावरून त्याची ओळख ठरवणे, हीच बाग आखण्याची उत्तम पद्धत आहे.

विष्किरांसाठी जमीन हवी, आणि ती झाडून-सारवून लखलखीत केलेली नको. कुंपणाच्या कडेला पाच-सात हात लांबीची एक पट्टी पालापाचोळ्यासाठी राखून ठेवावी. गळलेली पाने जाळू नयेत, तेथेच पसरावीत. त्या ओलसर थरात वाळवी, किडे, गोगलगायी, गांडुळे वाढतात आणि सातभाईंचा थवा, दयाळ, चीरक, भारद्वाज तो पाचोळा उलथून आपले अन्न शोधतात. ही पट्टी घराच्या भिंतीपासून व लाकडी चौकटींपासून दूर असावी, एवढी दक्षता पुरे.

प्रतुदांसाठी फळे, बिया आणि मध हवा. तांबट, बुलबुल, साळुंकी, कोकीळ, हळद्या, पोपट, होला, चिमणी, मुनिया आणि फुलांवर येणारे शिंजीर व चष्मेवाला यांची सोय झाडांच्या निवडीतून होते. त्याचा विचार पुढे केला आहे.

प्रसहांसाठी उंच, मोकळी फांदी आणि निर्विष उंदीर-कीटक हवेत. पिंगळा, घार, शिक्रा, कोतवाल, वेडा राघू, चाष अशा पाखरांना बसायला एखादी वाळलेली फांदी तशीच राहू द्यावी. धोका नसेल तर जुने पोकळ खोडही पाडू नये, कारण पिंगळा, पोपट आणि साळुंकी यांची घरटी ढोलीतच असतात. पिंगळ्याचा आवाज अशुभ, ही समजूत आपल्या रुग्णांच्या मनातून काढणे हेही वैद्याचे काम आहे. धान्याच्या कोठाराजवळ उंदरांवर पाळत ठेवणारा त्याच्याइतका स्वस्त रखवालदार दुसरा नाही.

पंचवल्कल आणि इतर वृक्ष

वैद्याला निराळी बाग करावी लागत नाही. त्याची औषधी बाग हीच पाखरांची बाग होऊ शकते. पंचवल्कलातील वड, उंबर, पिंपळ आणि पायर हे चारही क्षीरीवृक्ष फळभक्षी पक्ष्यांचे प्रमुख आधार आहेत. त्यांना फळे येण्याचे काळ झाडागणिक निरनिराळे असल्यामुळे परिसरात अशी अनेक झाडे असली, तर वर्षाच्या बहुतेक काळात कोठे ना कोठे पिकलेले फळ मिळते. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हा तर मुख्यतः या फळांवरच जगतो. राखी धनेशही याच झाडांवर येतो. मात्र वड-पिंपळ घराच्या भिंतीशी लावू नयेत, त्यांची मुळे बांधकाम उखडतात. शेताचा बांध, गावाचे गायरान, शाळेचे वा मंदिराचे आवार ही त्यांची योग्य जागा. परसात जागा असल्यास उंबर लावावा, तोही विहीर व भिंत सोडून.

निंब हा खानदेशाचा कल्पवृक्ष. ज्येष्ठात निंबोळी पिकली की कोकीळ, बुलबुल, साळुंकी यांची झुंबड उडते. निंबावर चढवलेली गुळवेल औषधाला श्रेष्ठ मानली जाते, आणि त्याच वेलाची लाल फळे बुलबुल आवडीने खातात. वेल कापताना सर्वच खोडे न नेता काही भाग फळावर येऊ द्यावा. आंब्यावर व निंबावर दिसणारे बांडगूळ म्हणजे आपला वंदाक. त्याच्या नळीसारख्या फुलांतील मधासाठी शिंजीर येतो आणि चिकट फळांसाठी इवलासा फुलटोच्या येतो. त्याच्याचमुळे ते बी दुसऱ्या फांदीवर जाऊन चिकटते. झाड वाचवण्यासाठी बांडगूळ काढावे लागते हे खरे, पण मोठ्या वृक्षावर एखादा झुबका राहिला तर बिघडत नाही.

लहान परसासाठी आम्ही पुढील झाडे सुचवितो. शेवगा, डाळिंब, कढीपत्ता, जास्वंद, अडुळसा आणि धायटी ही सर्व वैद्याच्या नित्य उपयोगाची आहेत. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर व बुलबुल येतात. धायटीची, म्हणजे आपल्या आसवारिष्टांतील धातकीची, लाल फुले शिंजिरांना विशेष प्रिय आहेत. कढीपत्त्याची काळी फळे बुलबुल व कोकीळ खातात. कुंपणाला सिमेंटची भिंत वा लोखंडी जाळी घालण्यापेक्षा करवंद आणि मेंदी यांची दाट वई करावी. काटेरी करवंदीत बुलबुलाचे घरटे मांजराच्या पंज्यापासून सुरक्षित राहते. मोठी जागा असल्यास भोकर, बोर, जांभूळ, पळस, काटेसावर आणि पांगारा यांचा विचार अवश्य करावा.

घाणेरीची फळे बुलबुल खातात म्हणून ती लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. पाखरांमार्फतच तिचे बी रानात जाते आणि स्थानिक वनस्पतींना हटवते.

ऋतुचर्या बागेची

शिशिराच्या उत्तरार्धात पळस, काटेसावर आणि पांगारा फुलतात. पाने गळलेल्या त्या झाडांवर साळुंक्या, कोतवाल, कावळे, शिंजीर यांची दिवसभर वर्दळ असते. मध्य आशियातून हिवाळ्यासाठी आलेल्या भोरड्या, ज्यांना पळसमैना असेही म्हणतात, परतीच्या प्रवासापूर्वी याच फुलांवर मोठ्या थव्यांनी दिसतात. या काळात फुलांच्या झाडांची छाटणी करू नये.

खानदेशातील उन्हाळा चैत्र-वैशाखातच पेटतो. पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. चोच उघडी ठेवून धापा टाकत ते शरीरातील उष्णता बाहेर टाकतात आणि त्यात पाणी वेगाने खर्च होते. म्हणून या दोन महिन्यांत खाद्यापेक्षा सावली आणि पाणी यांचीच गरज अधिक. भूजल खोल गेलेल्या आमच्या भागात उघडे पाणी दुर्मीळ झाले आहे, ठिबक सिंचनाने पाटाचे पाणीही दिसेनासे झाले आहे. पाण्याची बचत झाली हे चांगलेच, परंतु पाटावर येणाऱ्या पाखरांचा पाणवठा गेला, तो आपण एका मातीच्या परळाने भरून देऊ शकतो.

वर्षा ऋतू हा पुष्कळ पाखरांच्या विणीचा काळ. बाभळीवर, शिंदीवर, विहिरीवर झुकलेल्या फांद्यांवर सुगरण नर आपली घरटी विणतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांनी ज्या खोप्याचे कौतुक केले, तो हाच. विहीर साफ करताना त्या फांद्या श्रावण-भाद्रपदात तोडू नयेत. शिंपी मोठे पान शिवून त्यात घरटे करतो. औषधी पाने खुडताना दोन पाने एकमेकांना शिवलेली दिसली, तर ते झाड महिनाभर सोडून द्यावे.

शरदात गवतावर बी धरते. सगळे गवत एकदम न कापता एक कोपरा दिवाळीपर्यंत राखला, तर मुनिया व चिमण्या तेथे उतरतात. हेमंतात धोबी व इतर पाहुणे पक्षी येतात, बोरे पिकू लागतात. पुढील पावसाळ्यासाठी खड्डे व शेणखत यांची तयारी करण्यासही हा काळ योग्य आहे.

पाणी आणि घरटे

पाण्यासाठी पसरट, खरबरीत मातीचे परळ घ्यावे. खोली दोन ते पाच सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, मध्ये एक सपाट दगड ठेवावा. ते सावलीत, पण झुडपापासून चार-सहा हात दूर ठेवावे, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही आणि पाखराला निसटून जवळच्या फांदीवर जाता येते. पाणी रोज बदलावे. दर दोन-तीन दिवसांनी परळ काथ्याने घासून, उन्हात पूर्ण वाळवून मग भरावे. ही केवळ टापटीप नव्हे. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणाऱ्या डासाची अंड्यापासून उडत्या डासापर्यंतची वाढ उष्ण हवेत साधारण आठवड्या-दहा दिवसांत पूर्ण होते, आणि त्याची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून राहतात. २००६ साली चिकुनगुन्याची साथ महाराष्ट्राने भोगली आहे. घासलेले व वाळवलेले परळ पाखरांना उपकारक, न घासलेले परळ रुग्णांना अपायकारक, हे पक्के ध्यानात ठेवावे.

घरट्यांविषयी बोलायचे तर चिमणीचा विचार प्रथम येतो. आमच्याकडील जुन्या धाब्याच्या घरांत तुळई, कडीपाट आणि भिंतीतील कोनाडे यांत तिला जागा मिळे. सिमेंटच्या छतांत ती नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालानुसार देशभरात चिमणीची संख्या एकंदर स्थिर आहे, परंतु मोठ्या महानगरांत ती घटलेली आढळते. म्हणजे आपल्यासारख्या लहान गावांत ती अद्याप आहे, ती टिकवण्याची संधी आपल्या हाती आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिन म्हणून पाळला जातो. लाकडी पेटी करताना आत साधारण पंधरा सेंटिमीटर लांबी-रुंदी व वीस सेंटिमीटर उंची असावी, दाराचे भोक सुमारे बत्तीस मिलिमीटर व्यासाचे असावे. याहून मोठे भोक साळुंकीला सोयीचे होते. पेटी जमिनीपासून आठ-दहा फूट उंच, छताच्या आडोशाला, उत्तर वा पूर्व दिशेकडे तोंड करून लावावी. दुपारचे ऊन थेट पडणाऱ्या पत्र्याच्या पेटीत पिले होरपळून मरतात.

मात्र पेटी लावली म्हणजे चिमणी वाढली असे होत नाही. चिमणी धान्य खाते, पण तिची पिले पहिले काही दिवस मुख्यतः मऊ अळ्या व किड्यांवरच वाढतात. ज्या परसात किडा उरत नाही, तेथे चिमणीची पेटी रिकामीच राहते. येथूनच आम्ही मूळ प्रश्नाकडे वळतो.

विषाची साक्ष

फोरेट हे दाणेदार कीटकनाशक पुष्कळ पिकांत वर्षानुवर्षे वापरले गेले. पक्ष्यांना दात नसतात. पेषणीत अन्न दळण्यासाठी ते बारीक खडे गिळतात, आणि असे विषारी दाणे त्यांना खड्यांसारखेच दिसतात. २०१८ च्या केंद्रीय आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटवर पूर्ण बंदी आली. बंदी आली म्हणून जुन्या गोदामातील पुडी संपली असे समजू नये. आपल्या आवारात, औषधी वनस्पतींच्या वाफ्यात, असे काहीही वापरू नये. ज्या वाफ्यातील तुळस वा अडुळसा आपण रुग्णाला देणार, तेथे विष घालणे हा वैद्यकाशीच द्रोह आहे. निंबोळी अर्क किंवा दशपर्णी अर्क कीड पाहूनच आणि लागेल तेवढाच वापरावा. तो सरसकट फवारला तर उपयुक्त कीटकही मरतात.

औषधच विष कसे होते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण गिधाडांचे आहे. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात त्याचे कारण उघड झाले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेले डायक्लोफिनॅक मृत जनावराच्या शरीरात राहते, ते मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली पशुवैद्यकीय वापरासाठी या औषधाच्या निर्मितीवर बंदी आली. मनुष्यांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात असल्याने २०१५ साली कुपीचा आकार मर्यादित करण्यात आला. २०२३ साली ॲसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांसाठी सुरक्षित पर्याय ठरला आहे. खेड्यातील वैद्याकडे शेतकरी गुरांच्या दुखण्याविषयीही सल्ला मागतात. अशा वेळी त्यास पशुवैद्यकाकडे पाठवावे आणि बंदी असलेल्या औषधांविषयी स्पष्ट सांगावे. सुश्रुताने राजगृहात पाळलेल्या पाखरांकडून जी अपेक्षा केली, ती साक्ष गिधाडांनी साऱ्या देशाला दिली. आपण ती उशिरा ऐकली.

वैद्यकीय सावधानता

पाखरांविषयीच्या प्रेमात वैद्याने आपली शास्त्रबुद्धी गहाण ठेवू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूची पहिली नोंद आमच्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील कोंबड्यांत झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यातील काही गावांत आढळला, त्यांत आमच्या शेजारचे सावदा आणि यावल तालुक्यातील मारूळ यांचा समावेश होता. त्यामुळे घरच्या कोंबड्यांचे पाणी व दाणे आणि रानपाखरांचे परळ यांत अंतर ठेवावे. परिसरात एकाएकी अनेक पक्षी मेलेले आढळले, तर त्यांना उघड्या हाताने स्पर्श न करता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. साथीच्या काळात दाणे घालणे व परळ भरणे थांबवावे.

कबुतरांना एका जागी ढिगाने धान्य घालण्याची प्रथा धर्मबुद्धीने चालते. तिच्यामुळे विष्ठा व पिसांची धूळ साचते आणि संवेदनशील व्यक्तीस फुप्फुसांचा गंभीर दाह होऊ शकतो. २०२५ साली मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो याच कारणाने. दीर्घकाळ कास-श्वासाने पीडित रुग्ण आला, तर त्याच्या घरी खिडकीत वा गच्चीवर कबुतरांचा वावर आहे काय, हा प्रश्न वैद्याने आवर्जून विचारावा. आमच्या मते परसबागेत दाणे न घालता झाडांकरवीच अन्न पुरवणे श्रेयस्कर. घालायचेच असल्यास सकाळी मूठभर, विखरून घालावेत. सायंकाळी उरलेले दाणे उंदरांना आणि उंदरांमागून सापांना बोलावतात.

औषधी द्रव्ये वाळत घालण्याची जागा बागेपासून वेगळी व आच्छादित असावी. आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठी २००० साली लागू झालेल्या उत्तम निर्मिती पद्धतीच्या नियमांत स्वच्छतेवर जो भर आहे, त्याचा हाच अर्थ. अंगणातील ओट्यावर उघड्यावर पसरलेली हिरडा-बेहडा-आवळकाठी आणि वर फांदीवर बसलेला थवा, हे दृश्य कितीही रमणीय असले तरी औषधाला वर्ज्य आहे. वर मलमलीचे कापड वा जाळी हवीच. पाखरांना बाग द्यावी, वाळवण देऊ नये.

मकरसंक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या दोऱ्यांनी अनेक पक्षी जायबंदी होतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली आहे. सण झाल्यावर परसातील झाडांत अडकलेले दोरे काढून टाकणे, एवढे काम प्रत्येक घरास सहज जमेल.

आरंभ कोठून करावा

पाच गुंठ्यांचे आवार असो वा दवाखान्यामागील दहा फुटांची पट्टी, आरंभ तीन गोष्टींनी करावा: एक घासलेले परळ, एक पाचोळ्याचा कोपरा, आणि विषमुक्त ठेवण्याचा निश्चय. त्यांना खर्च नाही. येत्या पावसाळ्यात एक करवंदीची वई, एक शेवगा, एक धायटी लावावी. निंबाखाली पाखरांच्या विष्ठेतून उगवलेली रोपे तपासावीत. कढीपत्ता, भोकर, बोर यांची रोपे तेथे आपोआप मिळतात, ती उपटून टाकण्याऐवजी बांधावर न्यावीत. पाखरांनी लावलेले हे रोप फुकटचे असते आणि इथल्या मातीत उगवल्याने टिकाऊही असते.

दुसरे काम नोंदीचे. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर, या दरम्यानचा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्या आठवड्यात रोज सकाळी अर्धा तास आपल्या आवारात दिसलेल्या पाखरांची यादी करावी, दिनांक, संख्या आणि ते कोणत्या झाडावर काय खात होते, हे लिहावे. नाडीपरीक्षेची सवय असलेल्या वैद्याला हे निरीक्षण अवघड नाही. पाच वर्षांच्या अशा वह्या जमल्या, तर खानदेशातील कोणती औषधी वनस्पती कोणत्या पाखरास आधार देते, याचा एक प्रामाणिक स्थानिक दस्तऐवज आपल्या हाती येईल. यादीतील एखादे नाव वर्षागणिक कमी होत गेले, तर आपल्या गावच्या पाण्यात, शेतात वा हवेत काही बिघडले आहे काय, याचा शोध वेळीच सुरू करता येईल.

आमच्या सभासद वैद्यांनी आपापल्या आवारातील नोंदी संघटनेकडे पाठवाव्यात, रोपांची देवघेव करावी, आणि येणाऱ्या रुग्णासही एखादे रोप द्यावे. स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आहे, आणि ते रक्षण घराच्या कुंपणापाशी थांबत नाही.